मदत हवी आहे: झुआरीनगरच्या रविवारच्या वर्गात पाली शिकवायची आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात झुआरीनगरला मी दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेते. चौथं वर्ष चालू आहे. पाचवी ते दहावीची सव्वीस मुलं येतात. आईवडील बहुतेक वेर्ण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला, कोणी लातूर-सोलापूरकडचे, कोणी विजापूरचे. गणित-विज्ञान शिकवायचं, जूनमध्ये वह्या-दप्तरं द्यायची, परीक्षेआधी खिचडी टाकून मुलांना दिवसभर अभ्यासाला बसवायचं, एवढाच आमचा व्याप. शिकवणाऱ्या आम्ही तिघी. पैसा ओळखीतल्या वर्गणीचा.

यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, पाणातिपाता वेरमणी म्हणजे काय?" तिच्या घरी रोज त्रिसरण-पंचशील, म्हणजे बौद्ध वंदना, पालीत म्हणतात. तिला सगळं तोंडपाठ आहे, पण अर्थ घरात कोणालाच धड सांगता येईना. मी थोडं संस्कृत शिकलेली, म्हणून फळ्यावर फोड करून दाखवली. पाण म्हणजे प्राण, अतिपात म्हणजे घात, वेरमणी म्हणजे त्यापासून दूर राहणं. आणि शेवटी 'सिक्खापदं समादियामि', हे शिक्षापद मी स्वीकारते. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे हा कोणाचा हुकूम नाही? मी स्वतः घेते?" त्या दिवशी गणित राहून गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून शेवटचा अर्धा तास पालीचा. मी फळ्यावर हत्थ, कण्ण, सत्त, अट्ठ, दुद्ध लिहिते आणि मुलं हात, कान, सात, आठ, दूध ओरडतात. विजापूरकडची मुलं शाळेत कोकणी शिकलीत, तीही ओळखतात. पण माझी शिदोरी इथेच संपते. व्याकरण मला येत नाही आणि आसपास शिकवणारं कोणी सापडलेलं नाही.

हे इथेच व्हावं असं मला फार वाटतं, कारण सांकवाळ आमच्या अगदी शेजारी. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी 1876 साली तिथे जन्मले. बुद्धाबद्दल शिकायचं म्हणून 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करत 1902 मध्ये ते सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) पोचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले. पुढे 1912 पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये त्यांनी पाली शिकवली, हार्वर्डला जाऊन विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. आणि एवढी विद्या मिळवल्यावर 1937 साली विहार उभारला तो मुंबईत परळच्या कामगारवस्तीत, बहुजनविहार. मला त्यांचा हाच निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. सांकवाळच्या मुलाला पालीसाठी समुद्र ओलांडावा लागला. माझ्या आठवीतल्या मुलीला निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी घराजवळ शिकता यावं.

अडचण अशी झाली की पाली सुरू झाल्याचं कळताच वर्ग भरायचा ते सभागृह गेलं. "अभ्यास घ्या, धर्माचं काही नको," असं सांगितलं. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. सध्या एका मुलाच्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्री बांधून बसतो. पालकांच्या मनात शंका येणं मी समजू शकते, परक्या गावात कोणालाच वाद नको असतो. पण आम्ही कोणाला काही बदलायला सांगत नाही. अर्थ विचारणाऱ्या मुलीला गप्प बसवणं मात्र मला जमणार नाही.

तर सांगा, या वयाच्या मुलांना कुठल्या क्रमाने काय वाचायला द्यावं? पाली आणि अभ्यासवर्ग वेगळे करावेत का? माझ्या सोबतिणी तसंच म्हणतात. आणि जागा-देणगी मागायला गेलं की प्रत्येक जण नोंदणी विचारतो, त्याचं गोव्यात कसं करतात?

प्रतिसाद 1

वेगळे करू नका, ताई. बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज 1946 मध्ये काढलं, मिलिंद 1950 मध्ये, आणि धम्मदीक्षा 1956 मध्ये. आधी वही-पुस्तक, हा क्रम आपल्याकडे घालून दिलेलाच आहे. वेगळे केलेत तर पालीला चार मुलं उरतील आणि पालकांचा संशय वाढेल.

उलट पालकांनाच एकदा बोलवा आणि दीघनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातलं सिगालोवाद सुत्त (बुद्धाचा एक उपदेश) मराठीत वाचून दाखवा. गृहस्थांसाठीच आहे ते. आईबाप-मुलं, गुरू-शिष्य, नवरा-बायको, सगळ्यांची एकमेकांशी वागणूक त्यात आहे. मालकाने कामगाराला काय द्यावं तेही आहे: ताकदीप्रमाणे काम, जेवण आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. कंत्राटी कामावरून आलेला बाप हे ऐकून मुलाला वर्गातून काढणार नाही.

प्रतिसाद 2

हत्थ-हात फार छान. फक्त मुलांच्या डोक्यात पाली म्हणजे मराठीची आई असं बसू देऊ नका. आपली मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली, पाली तिच्या नात्यातली. जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो (अग्गि, आग) हा नियम मुलांनाच शोधू द्या, ते व्याकरणाचं पहिलं पाऊल होईल.

क्रमाबद्दल माझं मत: पहिले सहा महिने जातककथा मराठीतून आणि प्रत्येक कथेतले पाच पाली शब्द. मग धम्मपद या बुद्धवचनांच्या छोट्या ग्रंथातल्या निवडक गाथा, म्हणजे श्लोक. एकूण 423 आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नका. 'न हि वेरेन वेरानि' (वैराने वैर शमत नाही) या पाचव्या गाथेपासून सुरुवात करा. तुमच्या मुलीला 'वेर' दिसलं की ती नक्की विचारेल, वेरमणीतलं वेर हेच का? हे नव्हे. वेरमणी 'विरमणे' म्हणजे थांबणे, याकडून येतं, वैराशी त्याचा संबंध नाही. मूळ पाठ विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेच्या देवनागरी तिपिटकात (बौद्ध धर्मग्रंथांच्या संग्रहात) मिळेल, संगणकावर फुकट आहे. शिक्षकासाठी मुंबई-पुणे विद्यापीठांच्या पाली विभागांना पत्र लिहा. पाली आता मराठीबरोबर अभिजात झाली आहे, 2024 पासून. एखादा विद्यार्थी पडद्यावरून शिकवायला तयार होईल.

प्रतिसाद 3

बाय, मी डिचोलीचा. सोसायटी म्हणून 1860 च्या कायद्याखाली नोंदणी करा, निदान सात सभासद लागतात. उद्देशांत 'शिक्षण, वाचनालय, पाली व इतर भाषांचा अभ्यास' असं स्वच्छ लिहा. लपवलेलंच पुढे अंगाशी येतं. देणगीदाराला आयकरात सूट हवी असेल तर आयकर खात्याकडची नोंदणी नंतर वेगळी करावी लागते.

आणि मुलांना एकदा इथल्या लामगावच्या बौद्ध गुहा दाखवा. रिवणच्या गुहांना लोक पांडवांच्या म्हणतात, तिथेही न्या. कोलवाळच्या मुशीरला 1930 साली फादर हेरास यांना बुद्धमूर्ती सापडली, ती आता मुंबईला सेंट झेवियर्समधल्या त्यांच्या संस्थेत आहे. हे आपल्या मातीतलं आहे म्हणून कळलं की पालकही बदलतात. लामगावला याल तेव्हा जेवण माझ्याकडे.

धागाकर्तीचं उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल सव्वीस घरांतून अकरा पालक आले. सिगालोवाद वाचलं. आजारपणाच्या ओळीवर एका आईने थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. काढून घेतलेल्या दोन मुलांपैकी एक आज गच्चीवर होता. वेरमणीचा प्रश्न तुम्ही म्हणालात तस्साच आला!

सात सभासदांत आम्ही पाच झालोय. वास्को-दाबोळी भागातलं कोणी असेल तर इथेच लिहा. रविवारी साडेनऊ ते बारा यावं लागेल. दहावीचं बीजगणित येत असेल तर फारच उत्तम.