ग्राफिक्स कार्ड मागवण्याआधी : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ब-३०४ : नमस्कार. मुलगा व्हिडिओ एडिटिंग शिकतोय. घरच्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. मित्रांनी आरटीएक्स ४०६० सुचवलंय. मागवू का?

अ-१०२ : ताई, थांबा जरा. पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि पॉवर सप्लायवरच्या स्टिकरचा फोटो टाका. भिंतीतून येणारी वायर ज्या पत्र्याच्या डब्यात जाते तो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते हवंय.

ब-३०४ : टाकलाय. वर २५० वॅट, १२ व्होल्टखाली १८ ए. कार्ड तर ११५ वॅटचंच आहे, मग चालेल ना?

अ-१०२ : नाही चालणार. कार्ड आणि प्रोसेसर, दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. तुमचा आकडा तो, २५० नव्हे. त्यातून प्रोसेसरचे ६५, कार्डाचे ११५, शिवाय पंखे, डिस्क, मदरबोर्ड. काठावर येतं, आणि एडिटिंगचा व्हिडिओ रेंडर होताना, म्हणजे शेवटची फाइल तयार होताना, प्रोसेसर ६५ च्या वरही जातो. लोड आला की पीसी अचानक रीस्टार्ट होईल. ४०६० साठी कंपनी स्वतः ५५० वॅटचा सप्लाय सांगते. शिवाय त्याला आठ पिनची वेगळी वायर लागते, तुमच्या फोटोत ती कुठेच दिसत नाही.

क-६०१ : साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, प्लगवरून आठ पिन करायचं अ‍ॅडॉप्टर मिळतं की!

अ-१०२ : काका, ते मुळीच नको. साटाचा प्लग १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॅट. आठ पिनमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लग वितळतो.

ब-३०४ : मग सप्लायच बदलला तर?

अ-१०२ : बऱ्याच ब्रँडेड पीसीत मदरबोर्डचा प्लग नेहमीचा २४ पिनचा नसतो, डब्याचा आकारही वेगळा. तुमच्या फोटोत सहाच पिन दिसतायत. त्यापेक्षा ज्याला वायरच लागत नाही असं कार्ड बघा. मदरबोर्डवर कार्ड ज्यात बसतं तो स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो. आरटीएक्स ३०५०, सहा जीबी मेमरीवालं, ७० वॅटचं आहे.

ड-२०१ : ३०५० माझ्याकडे आहे. पण मला तर आठ पिन लावावी लागली.

अ-१०२ : तुमचं आठ जीबीचं असणार, ते १३० वॅटचं. नाव तेच, कार्ड वेगळं, म्हणून ऑर्डर करताना 'सहा जीबी' नीट वाचा. सहा जीबीमध्येही काही मॉडेलना सहा पिनचा सॉकेट असतो, तेव्हा फोटोत कार्डाच्या कडा तपासा. ताई, कॅबिनेट बारीक आहे का उभं?

ब-३०४ : उभं, मोठं. स्लॉटपासून पुढच्या जाळीपर्यंत मोजलं, २७ सेंटीमीटर.

अ-१०२ : मग पूर्ण उंचीचं कार्ड बसेल. लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, २५० च्या आतलं घ्या. खालचा स्लॉट रिकामा आहे ना? दोन स्लॉटची जाडी लागते.

ब-३०४ : रिकामा आहे. मॉनिटरची केबल मात्र निळ्या प्लगची आहे.

अ-१०२ : ती व्हीजीए केबल, या कार्डाला बसणार नाही. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर ती केबल घ्या, नसेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. आणि केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या जुन्या पोर्टला नको.