भालाफेकीतून बेसबॉल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रिंकू सिंगची गोष्ट वाचल्यापासून भाच्याने घर डोक्यावर घेतलंय. रिंकू म्हणजे उत्तर प्रदेशातला डावखुरा भालाफेकपटू (क्रिकेटवाला रिंकू नव्हे), बेसबॉल कधी खेळलेला नाही. २००८ मध्ये पिचिंगच्या (बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकण्याच्या) स्पर्धेत ताशी ८७ मैलांनी चेंडू टाकला आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल संघाने त्याला व त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत (तिथली सर्वांत वरची बेसबॉल लीग) दोघेही पोचले नाहीत, पण हे भाच्याला कोण सांगणार!

तोही भालाच फेकतो, वय १६. परवा लेदर बॉल घेऊन तासभर गच्चीच्या भिंतीवर मारला आणि रात्री कोपराला बर्फ लावून बसला. भाला आणि पिचिंग एकत्र चालतं का, की कोपराची वाट लागते? पुण्यात नीट शिकवणारं कोणी आहे का?