पिनेदाचा बंदिवास ‘सुखी’ म्हणून सांगू नका

दुपारची_गाडी: काल इथे एकाने लिहिलं की फ्रान्सिस्को नुन्येस दे पिनेदा या चिलीतल्या स्पॅनिश सैनिकाला मापुचेंनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, १६२९ मध्ये पकडलं, पाहुण्यासारखं ठेवलं, त्याने पुस्तकाला नावच ‘सुखी बंदिवास’ दिलं, म्हणजे वसाहत काही एवढी वाईट नव्हती. वाचून डोकं फिरलं. अहो, नावाचा पुढचा भाग का गाळलात? तो चिलीतल्या लांबलेल्या युद्धांच्या कारणांबद्दल आहे, आणि ती कारणं पिनेदा आपल्याच लोकांच्या हावेत शोधतो. १६०८ पासून बंडखोर मापुचेंना गुलाम करायची स्पेनच्या राजाची परवानगी होती, पकडलेला माणूस विकला की पैसे, मग शांतता कोणाला हवी असणार? शिवाय पिनेदा वाचला तो बापामुळे. आल्वारो नुन्येसला मापुचे ओळखून होते. पिनेदासोबतच्या एका साध्या सैनिकाला मात्र त्याच्या डोळ्यांदेखत सोट्याने मारून काळीज काढलं. त्याचं पुस्तक कुठे आहे?

निळासावळा: काल लिहिणारा मीच. वसाहत चांगली होती असं मी म्हटलेलंच नाही, तोंडात शब्द घालू नका. मला मौलिकान दिसतो, पिनेदाला पकडणारा मापुचे म्होरक्या. बाकीचे म्होरके पिनेदाला मारायला मागत होते आणि हा त्याला लपवत, या घरून त्या घरी हलवत राहिला. शब्द दिला होता म्हणून. नोव्हेंबरात खरंच सोडला. एवढं तरी माणूसपण म्हणाल की नाही?

आजोळ: मला दुसरीच शंका आहे. पकडला गेला १६२९ ला आणि पुस्तक पूर्ण केलं १६७३ च्या सुमारास, चाळीस वर्षांहून जास्त काळाने. एवढी लांबलचक भाषणं शब्दन्‌शब्द कोणाला आठवतात? माझे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे आणि दरवर्षी नदी रुंद व्हायची, सोबतीचा शेवटी एक शीख सुभेदार झाला जो आधी गोष्टीत नव्हताच.

दुपारची_गाडी: नदी रुंद झाली म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत.

आजोळ: मी त्यांना खोटं म्हटलं? त्यांच्याबद्दल जपून बोला. उलट सांगतो, भीती आणि भूक कधीच बदलली नाही, फक्त माणसं आणि आकडे बदलले. पिनेदाचं तेच वाचतो मी.

रानमेवा: आजोबांवर बरंच बोलून झालंय पण माझी आई सांगायची त्या एका दुष्काळाच्या गोष्टीतही असंच व्हायचं, त्यामुळे मी आजोळशी सहमत, म्हातारपणी माणूस प्रसंग सांगत नाही, त्यातून हिशोब सांगतो. आणि पिनेदाचा हिशोब होता की चिलीत जन्मलेल्यांना डावलून बाहेरून आलेले अधिकारी पदं खातात. तीच कुरकुर पानोपानी.

निळासावळा: कुरकुर म्हणून त्याचं सगळं फेकायचं का? मापुचे म्होरक्या आंकानामोनचं काय? १६१२ मध्ये एलिकुरा या ठिकाणी जेसुइट धर्मप्रचारकांना मारलं म्हणून स्पॅनिश इतिहासात तो राक्षस. पिनेदाच्या पुस्तकात तोच म्हातारा स्वतःची बाजू सांगतो, स्पॅनिश माणसाने त्याच्या बायका पळवल्या, परत मागितल्या तर दिल्या नाहीत. हे दुसरा कोणता सैनिक लिहून ठेवतो?

दुपारची_गाडी: हे मान्य करावंच लागेल. नाइलाजाने करतो, कारण माझा राग तुमच्या ‘सुखी’ या शब्दावर आहे, आंकानामोनवर नाही. पण एक विसरू नका, १५९८ मध्ये कुरालाबाच्या लढाईत मापुचेंकडून स्पॅनिश गव्हर्नर मारला गेला, पुढच्या काही वर्षांत बिओबिओ नदीच्या दक्षिणेची स्पॅनिश गावं उद्ध्वस्त झाली आणि तिथून नेलेल्या स्पॅनिश बायका पिनेदाच्या वेळीही मापुचेंच्या घरात होत्या, त्यांची मुलं तिथेच मोठी झाली होती. त्यांचा बंदिवास सहा-सात महिन्यांचा नव्हता. आणि इकडे स्पॅनिश घरात विकलेल्या मापुचे बायकांचं तर कोणी लिहिलंही नाही.

आजोळ: बरं, आता हे नीट बोललात. आजोबांबद्दलचं मागे घ्या.

दुपारची_गाडी: आजोबांना मी काही बोललोच नव्हतो. तरी लागलं असेल तर मागे घेतो. मौलिकानचंही मान्य. तेवढं ‘सुखी’ काढा.

निळासावळा: ते त्याचं शीर्षक आहे, मी कसं काढू?