बंद अणुभट्टीतलं काय जपायचं?

शिफ्टवाला:
अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये २२ वर्षं पाळ्या केल्या. आता भट्टी कायमची बंद झालीय, पाडकाम सुरू व्हायचंय. वारसा म्हणून काय ठेवायचं, याची यादी आम्हा जुन्या लोकांकडे मागितलीय. सगळ्यांनी मोठमोठी यंत्रं लिहून दिली. मला मात्र लॉगबुकं वाचवायचीत. नोंदींच्या कडेला पेन्सिलीत असायचं : 'पंप २ कण्हतोय, लक्ष असू द्या.' पुढच्या पाळीवाल्याला त्यातून काय ते नेमकं कळायचं. पण संग्रहालयवाल्यांना त्या नुसत्या रद्दी वह्या वाटतात. कसं पटवू?

दप्तरी:
ईबीआर-१ चं उदाहरण द्या. अमेरिकेत आयडाहोमध्ये २० डिसेंबर १९५१ ला या भट्टीच्या विजेवर चार बल्ब पेटले. मग तिथल्या मंडळींनी भिंतीवर खडूनं आपापली नावं लिहिली. ती अजून जपून ठेवलीत. खडूची!
वह्या आधी रेडिएशन सेफ्टीवाल्यांकडून तपासून घ्या. आणि नुसत्या स्कॅन करू नका, लिहिणाऱ्याला वहीसमोर बसवून बोलतं करा, रेकॉर्ड करा. 'कण्हतोय' म्हणजे बेअरिंग की गळती, हे उद्या कोण सांगणार?

नदीकाठ:
'जुने लोक' म्हणजे पगारावरचेच ना? अमेरिकेत अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी बांधलेली हॅनफर्डची बी रिॲक्टर (अणुभट्टी) १९४४ मध्ये सुरू झाली, आज ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. त्या प्रकल्पासाठी १९४३ मध्ये हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं उठवली, तिथल्या वानापम या मूळ रहिवासी लोकांचा नदीकाठही गेला. हॅनफर्डच्या हायस्कूलच्या इमारतीचा सांगाडा अजून उभा आहे. तुमच्या यादीत कुंपणाबाहेरचं काय आहे?

दप्तरी:
मुद्दा रास्त. स्कॉटलंडमध्ये विक गावी २०१७ मध्ये 'न्यूक्लियस' अभिलेखागार उघडलं. ब्रिटनच्या नागरी अणुउद्योगाची कागदपत्रं आणि केथनेस परगण्याची जुनी दप्तरं तिथे एकाच छपराखाली आहेत. वह्यांसाठी असली जागा शोधा. इमारतींच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनमधल्याच कॅल्डर हॉल अणुवीज केंद्राचे चारही कूलिंग टॉवर २००७ मध्ये सुरुंगानं पाडले.

शिफ्टवाला:
नदीकाठ, कुंपणाबाहेरचं काहीच नाही. आतलंही अर्धवटच. आमचे डगले धुणाऱ्या लाँड्रीतल्या कामगारांचं नाव कुणीच लिहिलं नाही, मीसुद्धा. यादी परत मागवून घेतो.
दप्तरी, बेअरिंगच होतं.