श्रीनगरहून आणलेल्या रॉबिनियाच्या शेंगा मुलुंडला रुजतील का?

कुंडीवाली (मुलुंड पूर्व)

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही काश्मीरला जाऊन आलो. ट्युलिप तोवर संपले होते, पण श्रीनगरात रस्त्याच्या कडेला एक झाड पांढऱ्या फुलांनी इतकं लगडलेलं दिसलं की मी गाडीच थांबवायला लावली. खाली लोंबणारे घोस, वाटाण्याच्या जातीचं फूल, गोड वास. पानं शेवग्याच्या वळणाची पण मोठी. ड्रायव्हर म्हणाला, "किकर है." म्हटलं, ही कुठली बाभूळ! हॉटेलवर आल्यावर मुलीने फोटो टाकून शोधलं तर रॉबिनिया स्यूडोअकेशिया निघालं. त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या वाळलेल्या चपट्या शेंगा अजून लटकत होत्या, त्या ओंजळभर घेऊन आलेय.

सोसायटीच्या मागच्या बाजूला पंपरूमजवळ मातीची जागा आहे. सेक्रेटरी म्हणतात, लावा काय लावायचं ते. झाड इथे येईल का? बिया कशा रुजवायच्या? आणि आमचे हे म्हणतात की ते विषारी असतं. खरं का?

दादरचा माळी

ताई, बिया रुजतील. झाड होणार नाही.

हे मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलं, अ‍ॅपलेशियन डोंगरातलं झाड. हिवाळ्यात पानं गाळून निजायचं आणि वसंतात उठायचं, ही त्याची सवय. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात ती सवय चालते. मुलुंडच्या जानेवारीत कोण निजणार? पण मला थंडीपेक्षा आपल्या पावसाची भीती जास्त वाटते. त्याच्या मूळ मुलखात साधारण हजार ते अठराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वर्षभर विभागून. आपल्याकडे दोन हजारांच्या वर, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. ह्या झाडाच्या मुळांना मोकळी, निचऱ्याची, हवा खेळणारी जमीन लागते. पंपरूमजवळची माती, भोवती पेव्हर ब्लॉक, वरून जुलै. कुजेल.

समजा जगलंच, तर दुसरा ताप. मुळांमधून फुटवे काढत ते लांबवर पसरतं. कोवळ्या फांद्यांवर पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते, तिथे पोरांचा चेंडू गेला की झालं. मग सेक्रेटरी म्हणणार, काढा. आणि १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे मुंबईत वाढलेलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज, पाहणी, नोटीस. मी नोकरीत असताना हे कागद पुष्कळ फिरवलेत, म्हणून सांगतो.

तुमचे मिस्टर बरोबर बोलले. साल, पानं, बिया विषारी. साल कुरतडून घोडे आजारी पडतात. फुलं तेवढी खातात. फ्रान्स-इटलीत घोस पिठात बुडवून तळतात.

रॉबिनिया हे प्रजातीचं नाव झाँ रोबँ ह्या फ्रान्सच्या राजाच्या माळ्यावरून लिनियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ठेवलं. आमच्या धंद्यातल्या माणसाचं नाव अख्ख्या प्रजातीला, म्हणून माझी तिच्यावर जरा जास्त माया. पॅरिसमध्ये नोत्र दामच्या पलीकडच्या काठावर एका बागेत त्याने १६०१ साली लावलेलं म्हणून सांगतात ते झाड अजून उभं आहे, काँक्रीटच्या टेकूवर का होईना. साहेबांच्या नावाचे रस्ते होतात, माळ्याच्या नावाचं झाड झालं. असो.

पानगळ (ठाणे)

काका, मधाचं राहिलं. मोठ्या दुकानांत 'अकेशिया हनी' म्हणून फिकट मध मिळतो, तो ह्याच झाडाचा, बाभळीचा नाही. माझी बहीण हंगेरीत असते. तिथे जंगलाचा जवळजवळ चौथा हिस्सा ह्याचाच आहे. मेमध्ये मधमाश्या पाळणारे पेट्या घेऊन फुलाच्या मागे गावोगाव हिंडतात, फुलोरा जेमतेम आठ-दहा दिवसांचा. त्यात फ्रुक्टोज जास्त असल्यामुळे हा मध लवकर साखरत नाही. आपल्या घरी कोणी म्हणालं की गोठत नाही म्हणजे भेसळ, तर आधी बाटलीवर फूल कोणतं ते बघा.

कुंडीवाली

वाईट वाटलं पण पटलं. मग तशीच फुलं देणारं, आपल्या हवेत चालणारं काही?

आरेकर

तुम्ही मुलुंडला राहता ना? मग फेब्रुवारीत डोंगराच्या कडेने चक्कर मारा. बिनपानाच्या काठ्यांना खालपासून वरपर्यंत फिकट गुलाबी-जांभळी फुलं दिसतील. ते गिरीपुष्प, गावाकडची उंदीरमारी. रॉबिनियाचं सख्खं नात्यातलं. फांदी खोचली की लागते, पाणी मागत नाही.

(हायवेवर विक्रोळीला लोक ज्याच्यासोबत सेल्फी काढतात ते हे नव्हे. तो टॅबेबुया, त्याचं गिरीपुष्पाशी काही नातं नाही.)

दादरचा माळी

आरेकर, नातं एकदम बरोबर. १७६० मध्ये जॅकिन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने गिरीपुष्पाचं वर्णन केलं ते रॉबिनिया सेपियम म्हणूनच. ग्लिरिसिडिया हे त्याचं आताचं शास्त्रीय नाव नंतर झालं. पण सोसायटीत लावू नका. तेही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेलं. शेतकऱ्याच्या बांधावर ते सोनं आहे. पाला कापून जमिनीत गाडला की नत्राचं खत, शेळ्या खातात, कुंपण होतं. डोंगरावर मात्र ते इतकं माजलंय की खाली आपलं करवंद आणि कुडा उठायला जागा मिळत नाही. माझं मत आहे, वाद घाला हवं तर. शिवाय शेंगा तडकून बिया लांब उडतात, म्हणजे आणखी झाडं.

ताई, तुम्ही हदगा लावा. त्याच घराण्यातला. लोंबते घोस, मोठी पांढरी फुलं, आणि फुलांची भजी इथेच होतात, पॅरिसला जायला नको. आतला केसर-दांडा काढून टाकायचा, नाहीतर कडू लागतं. बेसन, तांदळाचं थोडं पीठ, ओवा, मिरची. पाऊस सरला की दादरच्या बाजारात मावश्यांकडे फुलं येतात, आधी चव घेऊन बघा.

हदग्याचं वाईटही सांगतो. वाढतो भराभर, पण लाकूड ठिसूळ आणि आयुष्य थोडं. वाऱ्यात फांदी मोडते. म्हणून गाड्या उभ्या राहतात त्या बाजूला नको, आणि दरवर्षी मेच्या आधी शेंडा छाटून बेताच्या उंचीवर ठेवायचा. फुलंही हाताशी येतात.

कुंडीवाली

हदगा पक्का! पांढरा की लाल? आणि ह्या शेंगांचं काय करू? टाकवत नाहीत.

दादरचा माळी

भज्यांसाठी पांढरा. बी पहिल्या पावसानंतर थेट जमिनीत, पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर. पंपरूमची पाइपलाइन कुठून जाते ते आधी प्लंबरला विचारा.

शेंगा टाकू नका, गॅलरीत गंमत बघा. बिया कडक असतात. उकळून खाली उतरवलेलं पाणी त्यांच्यावर ओता आणि रात्रभर राहू द्या. फुगतील त्या पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा तेच. निम्मी वाळू घातलेली माती, तळाला भोकं मोठी, पावसात कुंडी छपराखाली. रोप मोठं होईपर्यंत रात्री पानं कशी मिटून खाली लोंबतात ते नातवंडांना दाखवा, फक्त कोणी चघळत नाही ना तेवढं बघा.

पानगळ (ठाणे)

ताई, दोन-चार बिया मला ठेवा. ठाणे स्टेशनला येऊन घेते.