दिवाणी वकिलीतून कामगार कायद्याकडे वळताना

पेठेतला_वकील
पुण्यात दिवाणी बाजूला वकिली चालू आहे. पुढे कामगार कायदा आणि व्यापारी करार ही जोडी धरून त्यातच स्थिरावायचा विचार आहे. सुरुवात लेबर कोर्टातून करावी की एखाद्या कंपनीच्या लीगल खात्यातून? मालक आणि कामगार, दोन्ही बाजूंची कामं घेता येतात का? आणि केंद्राचे चार नवे कामगार कोड (संहिता) आल्यावर १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यावर घाम गाळण्यात अर्थ उरलाय का? पुस्तकांची यादी नको, रोजचं काम कसं असतं ते सांगा.

आकुर्डीकर
दोन्हींच्या आधी खातेनिहाय चौकशी शिका, म्हणजे कामगारावरच्या आरोपांची कंपनीतच होणारी चौकशी. पिंपरी-चिंचवड, चाकण पट्ट्यात चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे वकील नेमतात. सीनियरमार्फत ती कामं मिळवा. बडतर्फीच्या बहुतेक केसेस तिथल्या कागदांवरच तरतात नाहीतर बुडतात.

चुका ठरलेल्या असतात. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा आणि स्थायी आदेशाचं (कंपनीच्या कामाच्या नियमांचं) नेमकं कलम नसतं. ‘उद्धट वर्तन केले’ एवढंच लिहून मोकळे होतात. साक्षीदारांची यादी आणि कागदपत्रं कामगाराला आधी दिलेली नसतात. निलंबन भत्ता (पहिले ९० दिवस ५० टक्के, पुढे ७५) थकवला जातो आणि त्यापायी कामगाराला बचाव करता आला नाही असं दिसलं, तर अख्खी चौकशी धोक्यात येते. रोजच्या कामकाजाच्या नोंदींवर सह्या घ्यायच्या राहून जातात. मागच्या शिक्षांचा आधार घ्यायचा असेल, तर तसा उल्लेख दुसऱ्या (शिक्षेआधीच्या) कारणे दाखवा नोटिशीत हवा. तो विसरला जातो.

पुढे कोर्टात आधी ‘पार्ट वन’ निघतो: चौकशी न्याय्य होती का, निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. चौकशी रद्द झाली तर कंपनीला कोर्टासमोर नव्यानं पुरावा देता येतो, पण तो हक्क कैफियतीतच (लेखी उत्तरात) राखून ठेवावा लागतो. एका परिच्छेदाचं काम आहे. तो नसला की पुढे अर्ज करून तो हक्क मिळवताना नाकी नऊ येतात.

कलम_सत्तावीस
आकुर्डीकरांशी सहमत, पण व्यापारी बाजूही हवी असेल तर कंपनीतली दोन-तीन वर्षं वाया जात नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: पूर्णवेळ पगारी नोकरी घेतलीत की ते बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळवून सनद स्थगित करावी लागते. नोकरीत असताना वकीलपत्र दाखल करणं म्हणजे शिस्तभंगाला आमंत्रण.

तिथलं निम्मं काम नेमणूकपत्रं आणि करारांचं. नोकरी सोडल्यावर ‘दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही’ हे कलम भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही, तरी परदेशी मुख्यालयाकडून आलेल्या मसुद्यात ते हमखास असतं. नोकरी चालू असतानाच्या मुदतीतलं बंधन मात्र चालतं. १९६७चा निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग हा निकाल मुळातून वाचा. बॉण्डबद्दल (मुदतीआधी नोकरी सोडली तर ठरावीक रक्कम भरायची अट) २०२५चा विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे वाचा, तिथे दोन लाखांची अट टिकली. मसुदा करताना स्पर्धाबंदीवर शाई घालवण्यापेक्षा गोपनीयतेचं कलम घट्ट बांधा: कोणती माहिती, कुठे ठेवलेली, कोणाला उघडता येते. ‘सर्व माहिती गोपनीय’ असं मोघम लिहिलंत तर मनाईहुकूम मागताना नेमकं काय झाकायचंय हेच सांगता येत नाही.

गेटमीटिंग
दोन्ही बाजूंची कामं घेता येतात, पण एकाच प्रकरणात ज्याला सल्ला दिला त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. व्यवहारात मात्र चार-पाच वर्षांत बाजार तुमच्यावर शिक्का मारतोच. कामगार बाजूला फी थोडी आणि उशिरा. ‘मागील पगारातले (बडतर्फीच्या काळातल्या थकलेल्या पगारातले) इतके टक्के’ असा फीचा करार नियमबाह्य आहे, कोणी सुचवला तरी करू नका.

वर राहून गेलेला मुद्दा: कोणत्या दारातून आत जायचं. महाराष्ट्रात १९७१चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांचा. अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची. बडतर्फी (अनुसूची चारची बाब १) असेल तर लेबर कोर्ट, बाकी इंडस्ट्रियल कोर्ट. कलम ३०खाली अंतरिम आदेश मिळतो, हे या कायद्याचं खरं बळ. पण हा कायदा आणि केंद्राचा औद्योगिक विवादाचा मार्ग, यांपैकी एकाखाली गेलात की त्याच बाबीसाठी दुसरा बंद.

नवखे वकील आपटतात ते कंत्राटी कामगारांच्या बाबतीत. कंपनी ‘हे आमचे कामगारच नाहीत’ म्हणाली आणि ते नातं आधी सिद्ध झालेलं नसलं, तर तक्रार टिकत नाही; कल्याणी स्टील्स आणि सिप्ला, दोन्ही २००१चे निकाल. अशा वेळी औद्योगिक विवाद म्हणूनच जावं लागतं. तक्रार फेटाळली जाईपर्यंत कामगारांची वर्षं जातात.

मागील पगार मागताना ‘दुसरीकडे कमावता नव्हतो’ हे अर्जात आणि शपथपत्रात लिहा. मग उलट सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते (दीपाली गुंडू सुरवसे, २०१३).

पेठेतला_वकील
धन्यवाद. कोडबद्दल कोणी सांगेल का?

आकुर्डीकर
चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेत. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनं तीन केंद्रीय कायदे रद्द केले (१९४७चा त्यातच आला), १९७१चा आपला कायदा त्या यादीत नाही. दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथले वाद पुढची काही वर्षं पुरतील. छाटणीचे १५ दिवसांचे सरासरी वेतन आणि महिन्याची नोटीस तशीच आहे, त्यामुळे जुने निकाल वाचावेच लागतील. बदललं ते असं: पर्यवेक्षकाला ‘कामगार’ धरण्याची वेतनमर्यादा १० हजारांवरून १८ हजार, बडतर्फ कामगारानं थेट दाद मागण्याची मुदत तीनऐवजी दोन वर्षं, कारखाना बंद करण्याची परवानगी १००ऐवजी ३०० कामगारांपासून.

कलम_सत्तावीस
करार लिहिणाऱ्यांसाठी वेतनाची नवी व्याख्या महत्त्वाची. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. मूळ पगार ३० टक्के ठेवून बाकी भत्त्यांत टाकलेली पत्रकं पुन्हा मांडावी लागतील, ग्रॅच्युइटीचा आकडाही फुगेल. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ती आता एका वर्षानंतर मिळते. राजीनामा असो वा बडतर्फी, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ‘एफ अँड एफ (शेवटचा पूर्ण हिशेब) ४५ दिवसांत’ हे वाक्य जुन्या नमुन्यांतून आजच काढा.