ठाण्याहून एका दिवसात: वस्तू घडताना बघायला कुठं जावं?

घोडबंदरकर:
सासरे पंचाहत्तरीचे. उमेदीची सगळी वर्षं परळच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवण्यात गेली. लेक नववीत. दोघांनाही मॉलचा कंटाळा. बैलगाडीत बसवून पिठलं-भाकरी वाढणारं कृषी पर्यटनही करून झालं. आता जिथं खरोखर काम चालू असतं अशी जागा हवीय. सकाळी निघून रात्री परत यायचंय, आणि सासऱ्यांना फार चालवत नाही. गणपतीच्या मूर्ती घडताना बघायला सगळे पेण सुचवतात, पण तिथं नुसती दुकानंच दिसतात म्हणे. खरंय का?

जोह्याची लेक:
माझं माहेर जोह्याचं, सासर कळव्याचं, म्हणून मध्ये तोंड घालते. पेणच्या बाजारात फिरलात तर दुकानंच दिसणार. तुम्ही हमरापूर, जोहे या बाजूला वळा. इथं घराला लागून कारखाना असतो, म्हणजे पत्र्याची लांब शेड. हो, आम्ही त्याला कारखानाच म्हणतो. आत सगळीकडे अर्धे गणपती.

शाडूचं काम कुठं चालू आहे ते विचारून तिथंच जा. पीओपीचं काम झटपट उरकतं, बघण्यासारखं फारसं नसतं. शाडू भावनगरकडून येतो. तो भिजवून, मळून, बोटांनी दाबत साच्यात बसवतात. साचा उघडला की सांधे बुजवायचे, ओल्या ब्रशनं अंग गुळगुळीत करायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हात ठेवला की तडा गेलाच. रंग सगळ्यांत शेवटी, आणि त्यातही शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी कुणालाही देत नाहीत. आमच्याकडे जो काका ती करतो, तो ब्रश टेकवण्याआधी श्वास धरतो आणि तेवढ्या वेळात कुणी हाक मारली तर संतापतो. तुमच्या लेकीला आधीच सांगून ठेवा.

कधी जायचं? मे महिना. रंगकाम भरात असतं. जुलै-ऑगस्टात गेलात तर कुणाला मान वर करायला फुरसत नसते आणि तुम्ही नुसते पायात येता.

दिवा–रोहा मेमू हमरापूरला थांबते, पण सासरे बरोबर आहेत तर गाडीच काढा.

खाडीकाठचा:
मे महिन्यातच जाणार असाल तर मिठागरंही बघून घ्या, पहिला पाऊस पडला की ती बंद. भाईंदर–नायगावच्या मध्ये लोकलच्या खिडकीतून दिसतात, पण खाली उतरून बघण्यातली मजा वेगळी. उधाणाला खाडीचं पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवतात. शेवटच्या वाफ्याचा तळ हंगामाआधी पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो, नाहीतर मिठात माती येते. पाण्यावर मिठाची साय धरते, मग लांब दांड्याच्या फळीनं मीठ काठाला ओढतात. आमचे आजोबा उरणच्या मिठागरात होते. तिथल्या बऱ्याच जमिनी नवी मुंबईसाठी सिडकोकडे गेल्या, तेव्हा जी काही उरलीत ती बघून या. दुपारी मात्र जाऊ नका, खालून-वरून भाजून निघाल.

घोडबंदरकर:
पेण नक्की. पण सासऱ्यांसाठी एखादं यंत्राचं काही?

पळसदरी लोकल:
पेणहून परतताना खोपोलीवरून या. खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं. वळवण, लोणावळा, शिरवटे या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली पाचशे मीटरहून जास्त खाली आणून टर्बाईन फिरवतात. ही वीज मुळात मुंबईच्या गिरण्यांसाठीच होती, म्हणजे सासऱ्यांना आपलीच गोष्ट वाटेल. आत जायला परवानगी लागते, पण डोंगर उतरणारे नळ गावातूनही दिसतात. गाडी कडेला लावा, त्यांना चालायला नको.

वारली चित्रांचं म्हणाल तर त्यासाठी डहाणूकडे वेगळा दिवस काढा. एकाच दिवशी सगळं कोंबू नका.

जोह्याची लेक:
आणि हो, कारखान्यात फोटो विचारून काढा. नवीन साचे कुणालाच बाहेर जायला नको असतात. मूर्ती घ्यायची असेल तर तिथंच नोंदवून आगाऊ द्या, गणपतीच्या तोंडावर जाऊन घासाघीस केली तर काही हाती लागत नाही.

घोडबंदरकर:
मेचा दुसरा रविवार ठरवतोय. रविवारी काम चालू असतं ना?

जोह्याची लेक:
मे महिन्यात? आमच्याकडे रविवार दिवाळीनंतर येतो. सकाळी नऊपर्यंत पोचा, दुपारी जेवून सगळे आडवे होतात.